सेडान कुठली? आधी रस्ता सांगा

या वेळच्या टपालात सेडानचीच पत्रे जास्त आहेत. एसयूव्हीच्या लाटेतही चार मीटरहून लांब, डिकीवाली गाडी हवी असणारे वाचक गोव्यात बरेच दिसतात. पत्रे थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : रोज फोंडा–पणजी, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव. घरात पाच माणसे, आईवडील सत्तरीचे. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या चार गाड्या पाहून आलो. सगळेच सेल्समन आपली गाडी सर्वोत्तम म्हणतात. माणसे नेमकी कशासाठी कुठली घेतात?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चौघींच्या किमती एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसलेल्या आहेत. त्यामुळे निवड पैशावर कमी आणि तीन गोष्टींवर जास्त ठरते: इंजिन कुठल्या फेऱ्यांवर जोर देते, गिअरबॉक्स कुठला आहे आणि मागच्या सीटवर कोण बसणार.

आधी इंजिन. सिटीचे १४९८ सीसीचे इंजिन बिनटर्बोचे आहे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा त्याला नाही. ताकद १२१ पीएस, टॉर्क (ओढायचा जोर) १४५ एनएम, आणि तो पूर्ण टॉर्क मिळतो ४३०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाले की. फोंडा–पणजी रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पण चोर्ल्याच्या चढावर पाच माणसे, सामान आणि एसी चालू असताना सिटी सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला) जोर हवा असेल तर इंजिनाचे फेरे वर चढवावेच लागतात. आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. गाडी बिघडली म्हणून गॅरेज गाठणारे असतात, पण बिघाड काहीच नसतो. सीव्हीटीची रीतच तशी आहे.

स्लाव्हिया आणि व्हर्टस या एकाच पायावर चाकणला तयार होणाऱ्या बहिणी. १.० टीएसआय हे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, ११५ पीएस. आकडा सिटीपेक्षा कमी, पण १७८ एनएम टॉर्क १७५० आरपीएमपासूनच हाताशी येतो. घाटात हीच गोष्ट कामाला येते. १.५ टीएसआय १५० पीएस आणि २५० एनएमचे. व्हर्नाचे १.५ टर्बो याहून वर, १६० पीएस आणि २५३ एनएम. (या व्हर्नाचा आपल्या वेर्ण्याशी काही संबंध नाही, एवढे एकदा सांगून टाकतो.) साधे १.५ इंजिन असलेली व्हर्ना ११५ पीएसची आहे. घाटातले तिचे वागणे सिटीच्या जवळपासचे.

टर्बो १.० मध्ये एक खोट आहे आणि ती गोव्यातच जास्त दिसते. मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये स्पीड ब्रेकरवरून उतरली की इंजिन बाराशे-तेराशेवर येते. तिथे टर्बो अजून जागा झालेला नसतो. अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर घुटमळते. चढावरच्या स्पीड ब्रेकरवर तर पहिलाच गिअर टाकावा लागतो. गावातल्या रस्त्यावर शंभर-शंभर मीटरवर गतिरोधक असतील तर डावा पाय आणि हात दोन्ही कंटाळतात. अशांनी १.० घेताना सहा गिअरचा ऑटोमॅटिक घ्यावा. तो टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा असल्याने ही घुटमळ बरीचशी झाकली जाते.

आता मागची सीट. सिटी वर्षानुवर्षे खपते याचे मोठे कारण हेच आहे. मागे पाय ठेवायला भरपूर जागा, सीट बेताची मऊ. व्हर्ना रुंदीला सर्वांत मोठी, १७६५ मिमी, सिटी १७४८. तिघे शेजारी बसले की हा फरक खांद्याला कळतो. पण व्हर्नाचे छप्पर मागे उतरत जाते, उंच माणसाचे डोके लागते आणि आत शिरताना मान वाकवावी लागते. तुमच्या आईवडिलांना शोरूममध्ये घेऊन जा. पाहायचे ते बसलेले नव्हे, उठतानाचे. पाय जमिनीवर टेकवून, दाराच्या चौकटीला न धरता उठता आले तर सीटची उंची त्यांना जमली. गुडघे दुखणारी माणसे सेडानमध्ये बसतात छान, उठताना कण्हतात. हे चारही गाड्यांत कमीअधिक होणारच, आणि ते फारच होत असेल तर सेडानचा नाद सोडलेला बरा.

सुरक्षिततेत, गाडी आदळून पाहणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्लाव्हिया-व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींना २०२३ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी प्रत्येकी पाच तारे मिळाले आहेत.

तुमच्या वापराला आमचे मत: १.० टीएसआय ऑटोमॅटिक, स्लाव्हिया किंवा व्हर्टस यांपैकी जिचे सर्व्हिस सेंटर घराला जवळ ती. बेळगावची फेरी महिन्यातून दोनदाऐवजी वर्षातून दोनदा असती तर आईवडिलांकडे पाहून सिटी सांगितली असती.

प्रश्न : आम्ही चोडणला राहतो, रोज फेरीबोट. सेडान घेतली तर खाली घासणार असे सगळे म्हणतात. ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा? स्प्रिंगमध्ये रबर घालून गाडी उचलावी का?
— एक वाचिका, चोडण

उत्तर : आकडा खरा असतो, पण तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. सिटीचा १६५ मिमी, स्लाव्हियाचा १७९. पाच माणसे आणि सामान चढले की मागची बाजू चांगलीच बसते. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर जितके जास्त तितका उंचवट्यावर पोट टेकायचा धोका जास्त.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर ताशी २५ किमीने कुठलीही सेडान न घासता जाते. अडचण करतात ते डांबराचा ढीग ओतून रातोरात उभे राहिलेले अरुंद उंचवटे. त्यांवर गाडी किंचित तिरकी घाला. दोन्ही पुढची चाके एकदम न चढता एकेक चढली की पोट वाचते. आणि ब्रेक उंचवट्याच्या आधीच सोडा. ब्रेक दाबलेला असला की नाक खाली झुकते, तेवढ्यानेच बंपर लागतो.

फेरीबोटीचा मामला वेगळा. तिथे पोटापेक्षा पुढच्या बंपरची खालची कड आधी लागते. भरतीला रॅम्प जवळपास सपाट असतो. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये खोबण तयार होते, तिथे नाक टेकते आणि बाहेर पडताना डिकीखालचा भाग. म्हणून गाडी पसंत करण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्ह ओहोटीच्या वेळी मागा, चार माणसे बसवून, रायबंदर धक्क्यावर. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू दे. रोज ओहोटीला माणसे उतरवून गाडी चढवावी लागणार असेल तर ते पैसे भरण्याआधीच कळलेले बरे.

रबर घालू नका. स्प्रिंग उचलली की ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट ताणून फाटतात, ग्रीस उडून जाते आणि पावसाचे पाणी-चिखल आत गेला की वळणावर कट-कट आवाज सुरू होतो. वॉरंटीवरही प्रश्न येतो तो वेगळा. टायर मोठे घालायचा मोह होतो, त्याचाही हिशेब पाहा: १८५/५५ आर १६ काढून १८५/६० आर १६ घातले तर टायरचा व्यास १८.५ मिमीने वाढतो, म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम ९ मिमी. स्पीडोमीटर मात्र साधारण ३ टक्के कमी वेग दाखवतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या अस्तराला घासू शकतो. नऊ मिलिमीटरसाठी एवढे करू नये.

प्रश्न : सिटीची हायब्रिड घ्यावी का? मडगावातल्या मडगावात महिन्याला १२०० किमी होतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : गावातल्या वापरासाठी ती या वर्गातली सर्वांत हुशार गाडी आहे. कमी वेगात चाके विजेच्या मोटरवर फिरतात, पेट्रोल इंजिन मुख्यतः वीज तयार करते, महामार्गाच्या स्थिर वेगात मात्र क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते. मोटरचा टॉर्क २५३ एनएम असल्याने स्पीड ब्रेकरनंतरची घुटमळ हा प्रकारच नाही.

पैशांचा हिशेब घरी बसून करता येतो. गावात साध्या सिटीचे सरासरी १३ आणि हायब्रिडचे २१ किमी धरा. १२०० किमीला अनुक्रमे ९२ आणि ५७ लिटर. महिन्याला ३५ लिटर वाचले. लिटरला ९७ रुपये धरले तर ३,४०० रुपये, वर्षाला सुमारे ४१,००० रुपये. आता शोरूमकडून दोन्ही गाड्यांची रजिस्ट्रेशन आणि विम्यासह अंतिम किंमत घ्या आणि फरकाला ४१,००० ने भागा. फरक दोन लाखांच्या आत असेल तर पाच वर्षांत वसुली. चार लाख असेल तर दहा वर्षे, आणि तितके दिवस तुम्ही गाडी ठेवणार का ते तुम्हीच ठरवा. बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी यांपैकी आधी येईल तिथपर्यंत वॉरंटी आहे.

दोन गोष्टी पाहून घ्या. बॅटरी मागे असल्यामुळे साध्या सिटीची ५०६ लिटरची डिकी हायब्रिडमध्ये बरीच आक्रसते. चवथीला माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे) सामान आणि गावच्या घरी न्यायच्या पिशव्या डिकीतच भरायच्या असतील तर ती डिकी उघडून, स्टेपनी कुठे ठेवली आहे ते बघून या. दुसरे, बॅटरी लहान असल्याने अनमोड घाटासारख्या लांब उतारात ती लवकर भरते, मग ब्रेक लावून वीज साठवण्याचा फायदा थांबतो. हा दोष नव्हे, पण उतारात इंजिनाचा आवाज अचानक वाढला म्हणून दचकू नका.

प्रश्न : १.५ डीएसजी घेतली आहे. पर्वरीच्या कोंडीत धक्के देते, एकदा डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली. गिअरबॉक्स गेला का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : एका सूचनेने गेला असे नाही, पण चालवायची सवय बदलली नाही तर जाईल. डीएसजी, म्हणजे स्लाव्हिया-व्हर्टसच्या १.५ टीएसआयचा हा सात गिअरचा ऑटोमॅटिक, दोन कोरड्या क्लचचा आहे. तेलात बुडालेले क्लच उष्णता तेलाला देतात, कोरड्यांना ती सोय नाही. कोंडीत गाडी हात-दोन हात पुढे सरकते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो आणि तापतो. तुम्ही ब्रेक अर्धा दाबून गाडीला सरपटू देता तेव्हाही हेच चालू असते.

उपाय सोपे आहेत. पुढच्या गाडीमागे सरकत राहू नका, दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. मिनिटाहून जास्त थांबायचे असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणे हा तर क्लच जाळायचा सर्वांत जलद मार्ग. सूचना आली तर रस्त्याकडेला पार्किंगमध्ये टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबा, पाणीबिणी ओतू नका.

थंड गाडीतही पहिला-दुसरा गिअर बदलताना हिसका बसत असेल, किंवा रिव्हर्स उशिरा लागत असेल, तर वॉरंटीत असतानाच सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या आणि जॉब कार्डवर तुमचे शब्द तसेच लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले तर उद्या तक्रार केली होती हे दाखवायला कागद राहत नाही.

रोज याच रस्त्याने जाणाऱ्या आणि अजून गाडी न घेतलेल्या वाचकांनी हे उत्तर दोनदा वाचावे. कोंडीसाठी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी बरा.

प्रश्न : डिझायर आणि मोठी सेडान यांच्या करात एवढा फरक का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांना ४० टक्के. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. स्लाव्हिया १.० चे इंजिन ९९९ सीसीचेच आहे, पण लांबी साडेचार मीटरची, म्हणून ४०. आधी या गाड्यांवर उपकरासह ४५ टक्के होते, त्यामुळे मोठ्या सेडानही थोड्या उतरल्या आहेत.

प्रश्न : २०१९ ची सियाझ पेट्रोल ऑटोमॅटिक स्वस्तात मिळते आहे. कंपनीने ती बंद केली असे ऐकले. घ्यावी का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : २०२५ मध्ये बंद झाली, बरोबर. सुट्या भागांची चिंता करू नका, तिचे १.५ लिटरचे इंजिन त्या काळच्या अर्टिगातही आहे, कुठलाही मारुतीचा फिटर डोळे झाकून उघडतो. पत्र्याच्या भागांना, म्हणजे दार, बंपर, दिव्यांना, पुढे थोडे थांबावे लागेल. ऑटोमॅटिक चारच गिअरचा आहे, जुन्या पद्धतीचा, संथ पण टिकाऊ. ओव्हरटेकला घाई नसणाऱ्या माणसाची गाडी.

गाडी ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून विकली गेली होती. बॉनेटखाली नेहमीची बॅटरी आणि पुढच्या डाव्या सीटखाली लहान लिथियम बॅटरी. पाण्यात गेलेली सियाझ ओळखायची तर आधी तिथेच पाहा. सीट पूर्ण मागे सरकवा, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर, सीटच्या रुळांवर गंज, गालिचाखाली वाळलेला तांबडा चिखल यांपैकी काही दिसले तर घरी परत या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला पाण्याच्या रेघेचा डाग राहतो, तो धुणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

समुद्राकाठच्या गाडीला लिफ्टवर चढवून खालून बघणे सक्तीचे समजा. खारे वारे आधी ब्रेकच्या पायपांना, सायलेन्सरच्या जोडांना आणि मागच्या अॅक्सलला खातात. वरचा तपकिरी थर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोकरा. खाली घट्ट धातू लागला तर हरकत नाही, पापुद्रा सुटला तर भावातून पैसे कमी करून घ्या. नुकताच मारलेला काळा रबरी लेप दिसला तर तो कशावर मारला आहे ते विचारा.

प्रश्न : सनरूफ असलेली सेडान. जून उजाडला की डाव्या बाजूला पायाशी पाणी साचते. रबर दोनदा बदलले.
— एक वाचिका, साखळी

उत्तर : रबर बहुधा निर्दोष आहे. सनरूफचे रबर पाणी पूर्ण अडवत नाही. आत आलेले पाणी चौकटीतल्या पन्हळीत पडून चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली जाते. झाडाखाली गाडी उभी असेल तर आंब्याचा मोहोर आणि पानांचा चुरा त्या नळ्यांत बसतो. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात कपभर पाणी हळू ओता. चाकामागून ते ठिबकले नाही तर नळी तुंबली आहे. मऊ नायलॉनची दोरी घालून मोकळी करा, तार घालू नका, आणि कॉम्प्रेसरची हवा जोराने मारू नका, नळी आतल्या आत सुटली तर छताचे अस्तर उतरवावे लागते. हे काम मे महिन्यात करा. ओतलेले पाणी नीट गेले तर मग एसीची पाणी जाणारी नळी पाहा. ती तुंबली की पाणी उन्हाळ्यातही येते, आणि ते थंड असते.

प्रश्न : जहाजावर नोकरी. सहा महिने नवी सेडान घरी पोर्चमध्ये उभी राहणार, त्यात पावसाळा. काय करून जाऊ?
— एक तारवटी, वास्को

उत्तर : धुऊन, विशेषतः खालून धुऊन, पूर्ण वाळवा. लगेच हँडब्रेक ओढून ठेवली तर ओल्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर चिकटतात आणि सहा महिन्यांनी चाक फिरत नाही. म्हणून हँडब्रेक सोडा, मॅन्युअल असेल तर पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये ठेवा आणि दोन चाकांना लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये दाराच्या चौकटीवर छापलेल्या दाबापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा भरा. टाकी भरून जा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, टाकी रिकामी असेल तितकी दमट हवा आत. बॅटरीची उणे तार काढा, पण त्याआधी डिकी किल्लीने उघडते का ते पाहून ठेवा. प्लास्टिकचे कव्हर घालू नका, आत घाम धरतो, सुती किंवा हवा खेळणारे घाला.

उंदरांसाठी बॉनेटखाली गोळ्या-तंबाखू ठेवतात, पंधरा दिवसांत वास उडतो. त्यापेक्षा पोर्चमधली नारळाची सोडणे (वरची साले) आणि भाताची पोती आधी हलवा. घरच्या कुणाला तरी पंधरवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहायला सांगा. गाडी जागच्या जागी पाच मिनिटे सुरू करून बंद करायला मात्र सांगू नका. तेवढ्यात इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि बॅटरी आणखी उतरते. चालवायचीच तर वीस मिनिटे रस्त्यावर काढायची, नाहीतर हात लावायचा नाही.